नाडा, साखळी आणि विंच : आपल्याकडं लाकूड कसं ओढत आले

ऊस तुटून गेला की बांधावरच्या झाडांकडं लक्ष जातं. रानात ऊस उभा असेपर्यंत बांधाला जायला वाट नसते. फेब्रुवारी-मार्चला रान मोकळं झालं की मग वठलेली बाभळ, सावलीनं दोन-दोन सऱ्या मारणारा सुबाभूळ, वळवाच्या वाऱ्यात आडवा झालेला आंबा, सगळ्यांचा नंबर लागतो. गॅस घरोघरी आला तरी पाण्याचा बंब, जनावरांची चूल, लग्नकार्य याला जळण लागतंच. ते मृगाच्या आत कोरडं घरी पडलेलं बरं.

झाड पाडायला आता वेळ लागत नाही. पेट्रोलवरची करवत आली आणि दोन माणसांचं दिवसाचं काम अर्ध्या तासावर आलं. वेळ खातो तो ओंडका. बांधापासून पाणंदीपर्यंत दीडशे-दोनशे फूट आणायचं, मध्ये पाटाची चारी, पुढं ओली सरी. ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उठतं तेही याच कामात. म्हणून आज औषध-खताचं बाजूला ठेवून या ओढण्याचा इतिहास लिहितोय. आपल्या भागात लाकूड ओढायची अक्कल कुठून कुठं गेली आणि मध्येच कुठं सांडली, ते बघू.

आधी वजन डोळ्यासमोर आणा. दोन फूट जाडीचा, दहा फूट लांबीचा ओला बुंधा. सरळ गणित केलं तर ०.८९ घनमीटर लाकूड होतं. ओलं लाकूड पाण्याच्या जवळपास वजनाचं धरा, म्हणजे आठशे किलोच्या आसपास. हा बुंधा मातीवरून फरफटत न्यायचा तर त्याच्या वजनाच्या निम्मी ते पाऊणपट ओढ लागते, म्हणजे चारशे ते सहाशे किलो. तोंड मातीत रुतलं तर आणखी जास्त. आता बैलजोडी बघा. चांगली जोडी दोन्ही मिळून आठशे-नऊशे किलोची. दिवसभर सलग काम करायचं तर ती आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्केच ओढते, म्हणजे शंभर किलोच्या आत-बाहेर. हिसक्याला जास्त ओढते, पण तो हिसका काही पावलांचाच. म्हणजे एका जोडीनं हा बुंधा सरळ ओढत नेणं हिशेबात बसतच नाही. तरी आपल्या आज्जा-पणज्यांनी असे बुंधे आणले, घरांच्या तुळया केल्या, विहिरीवर नाटा टाकल्या. हे कसं जमलं?

एक म्हणजे वारंगुळा. काळ्या रानात सहा-सहा, आठ-आठ बैलांचा लाकडी नांगर चालायचा, तो काही एका घरच्या बैलांवर चालत नव्हता. याची जोडी, त्याची जोडी, एकामागं एक जुंपायची आणि पाळीपाळीनं सगळ्यांची रानं करायची. मोठं लाकूड ओढायलाही हीच रीत. तीन-चार जोड्या एका साखळीवर. यात कसब बैलांचं कमी आणि हाकणाऱ्यांचं जास्त, कारण सगळ्या जोड्यांनी एकाच क्षणी खांदा दिला पाहिजे. एक जोडी मागं राहिली की तिचं वजनही बाकीच्यांच्या मानेवर येतं.

दुसरं म्हणजे घर्षण कमी करणं. हा शब्द कुणी शिकवला नव्हता, पण काम माहीत होतं. बुंध्याची साल सोलून काढायची, ओली साल निघाली की आतलं अंग साबणासारखं सरकतं. बेचक्याची जाड फांदी खाली घालून तिच्यावर बुंध्याचं तोंड चढवायचं, म्हणजे तोंड माती खात नाही. कठीण जागी खाली गोल लाकडं टाकायची आणि पहारीनं मागून रेटा द्यायचा. साखळी बांधायची ती जाड बाजूला, आणि अशी की ओढ लागली की बुंधा थोडा वळेल, कारण रुतलेलं लाकूड आधी लोळवावं लागतं, मग ओढावं लागतं. आमच्याकडची म्हातारी माणसं एकच सांगायची, "लाकडाला आधी जागा सोडाय लाव, मग बैलाला हाक मार."

या ओढण्याचा खेळही झाला. आपल्या हातकणंगले तालुक्यात इचलकरंजीला बेंदराला बैलांच्या लाकूड ओढण्याच्या शर्यती लागतात, हे बाहेरच्या लोकांना नवल वाटतं. त्यांना बैलाची शर्यत म्हणजे गाडी पळवणं एवढंच ठाऊक. इथं बघायचं असतं ते जनावराचं बळ. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटींवर परत सुरू झाल्या. मधल्या सात वर्षांत किती घरांतून बैल गेले ते वडगावच्या जनावरांच्या बाजारात उभं राहिलेल्याला सांगायला नको. अर्थात सगळा दोष बंदीवर टाकणं बरोबर नाही. ट्रॅक्टरनं बैलाचं काम आधीच काढून घेतलं होतं.

लाकडाचा विषय आपल्या कोल्हापूर भागात आणखी एका कारणानं जुना आहे. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांच्या घराण्याकडं गगनबावड्याची जहागीर होती, त्यांचं १७१५ चं आज्ञापत्र. आरमाराला लाकूड कुठून आणायचं हे सांगताना त्यात झाडांबद्दल जे आहे ते आजच्या शेतकऱ्यानंही वाचावं. सार: सागासारखी लाकडं परवानगीनं तोडावीत, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराला चालण्यासारखं आहे, पण त्याला हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण होऊन उपयोगाचं राहिलं नसेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. जबरदस्ती करू नये. तीनशे वर्षांपूर्वी राज्याच्या कारभाराच्या ग्रंथात बांधावरच्या आंब्याच्या मालकाचा विचार झाला, ही साधी गोष्ट नाही. रस्ता रुंदीकरणात ज्यांची झाडं गेली आणि ज्यांना मोबदल्यासाठी हेलपाटे घालावे लागले, त्यांना हे वाचताना काय वाटेल ते मी लिहीत नाही.

इंग्रजांच्या काळात मोठ्या जंगलांची तोड सुरू झाली आणि १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमावं लागलं. तिथल्या लाकडाला बैल पुरेना, हत्ती लागला. आपल्या दक्षिणेला कारवार जिल्ह्यात दांडेलीकडं हत्तींनी ओंडके ओढले. तिकडं गडचिरोलीत आलापल्ली-सिरोंचाच्या सागवानाला वनखात्यानं हत्ती ठेवले, कमलापूरचा हत्ती कॅम्प हा त्याच कामाचा वारसा. आज लोक तिथं हत्ती बघायला जातात. हत्तीचा फायदा ताकदीपेक्षा वेगळा आहे: तो लाकूड ओढतो, उचलतो, वळवतो आणि अडकलं तर थांबतो. थांबणं महत्त्वाचं. बैलही थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही, त्याला थांबवावं लागतं. पुढं याच्यावर यायचंच आहे.

पण आपल्या शिवारातला हत्ती म्हणजे मोट. हे वाचून हसू नका. मोटेत काय होतं ते नीट आठवा. वजन एका जागी, म्हणजे विहिरीत. ओढणारं जनावर दुसऱ्या जागी, धावेवर. मध्ये नाडा, आणि नाडा जातो चाकावरून. धाव उताराची, म्हणजे बैल ओढताना स्वतःचं वजनही कामाला लावतो. खालच्या बाजूला दुसरा बारका दोर, सोंदूर, मोटेची सोंड उघडायला. जनावर वजनाच्या जवळ जात नाही, वजन दोरावरून जनावराकडं येतं. विंच म्हणजे दुसरं काय? फक्त बैल पुढं चालण्याऐवजी ड्रम जागेवर फिरतो आणि दोर स्वतःवर गुंडाळतो. नाड्यासाठी अंबाडी नाहीतर केकताडाचा वाख लागायचा, दोर वळायचं कसब मातंग समाजाकडं होतं, आणि झिजलेला नाडा कधी बदलायचा हे मोट हाकणाऱ्याला डोळे मिटून कळायचं. कारण नाडा तुटला तर बैल तोंडावर जायचे आणि मोट विहिरीत.

मोट गेली, ऑइल इंजिन आलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त होऊ लागली, मग बनू लागली. आणि त्याच इंजिनावर एक गोष्ट उभी राहिली जिच्याकडं कुणी लक्षच देत नाही: विहीर खोदाईची यारी. खांब, आडवा दांडा, कप्पी, लोखंडी दोर, ड्रम, ब्रेक आणि इंजिन. विहिरीच्या बुडातून दगड-मातीची बादली वर येते आणि बाजूला रिकामी होते. ड्रम, क्लच, ब्रेक, तारेचा दोर, सगळं आहे. म्हणजे आपल्या भागात विंच नाही असं म्हणणं खोटं आहे. विंच आहे, तो विहिरीवर उभा आहे. तो आडवा करून झाडाकडं न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

परदेशात हे डोकं फार आधी चाललं. इंग्लंडात जॉन फाउलर यांनी वाफेच्या इंजिनावर ड्रम बसवला आणि शेताच्या बांधावरून तारेच्या दोरानं नांगर ओढला. १८५८ साली रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पौंडांचं बक्षीस त्यांना मिळालं. कारण साधं होतं. इंजिन इतकं जड की रानात घातलं तर रुतणार आणि जमीन दाबून टाकणार. म्हणून इंजिन बांधावर, नांगर रानात, मध्ये दोर. आज जमीन घट्ट होण्यावर एवढी चर्चा होते, तेव्हा हे १८५८ चं आहे हे लक्षात असू द्या.

आता ट्रॅक्टर. इथं इतिहास सोडून थोडं यंत्रशास्त्र येणार, कंटाळू नका.

१९१७ ला फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर आला. स्वस्त आणि हलका. पण त्याला एक खोड होती. नांगर दगडात, मुळात अडकला की मागची चाकं जागेवर थांबायची आणि इंजिनाचा जोर ट्रॅक्टरलाच मागच्या अ‍ॅक्सलभोवती फिरवायचा. पुढचं तोंड आकाशात, ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर. माणसं मेली. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन याच गोष्टीच्या मागं लागले आणि १९२६ च्या त्यांच्या पेटंटातून आजची थ्री-पॉइंट लिंकेज घडत गेली. १९३९ ला फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला. आज आपल्या दारात कुठल्याही रंगाचा ट्रॅक्टर असू दे, मागचे दोन खालचे दांडे आणि वरची टॉप लिंक ही फर्ग्युसन यांचीच. नांगर जमिनीत अडला की वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढं ढकलते आणि तोंड खाली दाबते. उठणारा ट्रॅक्टर बसवायची ती युक्ती होती.

आणि आपण काय करतो? ओंडक्याची साखळी नेमकी टॉप लिंकच्या जागेला अडकवतो. का, तर तिथं बांधलं की ओंडक्याचं तोंड थोडं उचललं जातं, माती खात नाही. आज्जानं बेचक्याची फांदी घातली ती याच कारणासाठी, विचार बरोबर आहे. जागा चुकीची आहे. ट्रॉलीचा हूक जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास असतो, टॉप लिंकची जागा त्याच्या दुप्पट उंच. ओढ तेवढीच असली तरी उंची दुप्पट झाली की ट्रॅक्टरला मागं पाडणारा जोरही दुप्पट होतो. त्यात लाकूड मुळात अडलं, मागची चाकं चारीत बसली, आणि चालकानं पहिल्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सोडला, की जे होतं ते सेकंदाच्या आत होतं. क्लच परत दाबायला पाय पोचत नाही. आपल्या शिवारात तोंड हातभर उठलेला ट्रॅक्टर मी दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा लाकूड सुटलं म्हणून माणूस वाचला. बैलाच्या आणि ट्रॅक्टरच्या ओढण्यातला फरक एवढाच: बैलाला मान दुखते, म्हणून तो थांबतो.

भारतात ट्रॅक्टर बनायला लागले ते १९५९ पासून, आधी आयशर, मग १९६० च्या दशकात बाकीचे. आपल्याकडं ते रुजले साखर कारखान्यांमुळं. वारणा, पंचगंगा कारखान्यांना ऊस न्यायचा म्हणजे ट्रॉली, आणि ट्रॉली म्हणजे मागचा हूक. त्यामुळं आपल्या ट्रॅक्टरवाल्याला ओढणं म्हणजे हूक अडकवून पुढं जाणं एवढंच अंगवळणी पडलं. जागेवर उभं राहून ओढायचं, हे मोटेचं शहाणपण मोटेबरोबरच गेलं. मागच्या पीटीओवर मिनिटाला ५४० फेरे मिळतात, त्यावर आपण रोटाव्हेटर चालवतो, मळणी चालवतो, फवारणी चालवतो, पण ड्रम कधी फिरवला नाही.

ज्या देशांत शेतकऱ्याच्या मालकीचं थोडं-थोडं जंगल असतं, तिथं मात्र हाच ड्रम घरोघरी आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया. स्लोव्हेनियातली तायफून ही कंपनी १९६७ पासूनची, ट्रॅक्टरच्या विंचसाठीच ओळखली जाते. रचना सोपी आहे. तीन पॉइंटांवर लटकणारी चौकट, खाली जमिनीत रोवायला जाड लोखंडी पाटा, आत ड्रम, त्यावर पन्नास-साठ मीटर तारेचा दोर, पीटीओवरून फिरणारा, क्लच लावला की ओढणारा आणि सोडला की ब्रेकवर थांबणारा. चालकाच्या पाठीमागं जाळी. चाळीस-पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरला तीन-चार टन ओढीचा विंच सहज चालतो. आपला आठशे किलोचा बुंधा त्याला काहीच नाही. ट्रॅक्टर पाणंदीवर कोरड्यात उभा, पाटा जमिनीत, दोर रानात, आणि बुंधा आपल्याकडं चालत येतो. चाकाची माती नाही, सरी दबत नाही, चारी फुटत नाही. ओढीचा जोर पाट्यावरून जमिनीत जातो.

तरी याला मंत्र समजू नका. ड्रमवर दोराचे थर वाढत जातात तशी ओढ कमी होत जाते, कारण ड्रम जाड होतो. म्हणजे कागदावर लिहिलेली ओढ ही रिकाम्या ड्रमची असते, हे विकणारा सांगत नाही. ओढ कायम ट्रॅक्टरच्या सरळ मागून घ्यायची. बाजूनं ओढलं तर ट्रॅक्टर आडवा होतो. वळण लागलंच तर दुसऱ्या मजबूत झाडाला पट्टा बांधून कप्पी लावायची. मात्र त्या कप्पीच्या झाडावर दोराच्या ओढीच्या दुपटीपर्यंत जोर येतो, म्हणून वठलेलं झाड त्याला चालत नाही. आणि तारेचा दोर वळणावर असताना वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. कप्पी सुटली तर दोर नेमका तिकडूनच येतो. तुसे निघालेला दोर बाद. इथं मोटेचा नाडा बदलणाऱ्या माणसाची नजर लागते.

मग हे यंत्र आपल्याकडं का आलं नाही? मला वाटतं तीन गोष्टी झाल्या. एकेका शेतकऱ्याची झाडं कमी, वर्षाला चार-पाच, त्यासाठी यंत्र घेणं परवडत नाही. दुसरं, लाकडाचा व्यापारी झाड उभ्यानं घेतो आणि स्वतःची माणसं आणतो, त्यामुळं ओढायचं दुखणं शेतकऱ्याचं राहिलंच नाही. फक्त फुटलेला बांध त्याचा राहिला. तिसरं, जेसीबी. जेसीबी आला आणि सगळ्यावरचं औषध झाला. खणायला तोच, उचलायला तोच, ओढायला तोच. रस्त्याकडेच्या मोठ्या वडा-चिंचेला ते ठीक आहे. पण सात-आठ टनांचं धूड ओल्या उसाच्या रानात आठ ओंडक्यांसाठी घालणं म्हणजे पुढच्या खोडव्याचं नुकसान आज विकत घेणं. कृषी सहायकांना, डॉक्टर-इंजिनियर मंडळींना माझी विनंती आहे, अवजार बँकेच्या यादीत रोटाव्हेटर सातवा घेण्याऐवजी गावाला एक विंच बसतो का ते बघा. पंधरा-वीस गावांच्या मध्ये एक असला तरी उन्हाळाभर त्याला काम पुरेल.

कागदाचं सांगितल्याशिवाय हा लेख सोडता येणार नाही. ओढायची सोय झाली म्हणून झाड तोडायची परवानगी मिळत नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत नियमन अधिनियम १९६४ चा आहे, आंबा, चिंच, साग, जांभूळ असली झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याकडं अर्ज लागतो. कुठल्या झाडाला परवानगी आणि कुठल्याला वाहतुकीचा पास, हे तोडायच्या आधी वनरक्षकाला विचारून घ्या. ट्रॉली नाक्यावर अडवल्यावर विचारून उपयोग नसतो. अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडाचा धनी राजी असला पाहिजे असं होतं. आताच्या कायद्यात धन्यालाच सरकारला राजी करावं लागतं. दोन्हींत झाड मध्ये उभं आहे, ते बरं आहे.

सध्या विहीर खोदणाऱ्या एका मिस्त्रीकडं जुनी यारी पडून आहे. ड्रम चांगला आहे, ब्रेकचा पट्टा गेलाय. तिची चौकट थ्री-पॉइंटवर बसते का, गिअर किती लागेल, पाटा केवढा, ही मोजमापं घेणं चालू आहे. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारं कुणी हे वाचत असेल तर एक सांगा: पीटीओच्या ५४० फेऱ्यांवरून ड्रम इतका सावकाश फिरवायचा की दोर सेकंदाला अर्धा मीटरच यावा, तर वर्म गिअर घ्यावा की चेन-स्प्रॉकेट? वर्म गिअर सहसा उलटा फिरत नाही, म्हणून भार धरून ठेवतो, पण तापतो. चेन स्वस्त पडते, पण मग सगळा भार ब्रेकवर. ज्यांनी यारी चालवली आहे त्यांचं मत मला पाहिजे.